दरवाजा दुरुस्त झाला, पण एअरबॅगचा दिवा लागला

पत्र असं आहे :

"मी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते. यजमान नोकरीसाठी दहेजला असतात, त्यामुळे आठवडाभर गाडी माझ्याच हातात. मुलांची शाळा, सासूबाईंचे दवाखाने, सगळं मीच करते. गाडी 2022 ची, सहा एअरबॅगची. गेल्या महिन्यात ओल्ड पादरा रोडवर एका लोडिंग रिक्षाने पुढच्या डाव्या दरवाज्यावर धडक दिली. एअरबॅग उघडली नाही, कुणाला लागलंही नाही. दरवाजा फारच चेपला होता म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्याने जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा दरवाजा आणून रंगवून बसवला. गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो. कधी सकाळी चावी ऑन केल्यावर विझतो, पण डावा दरवाजा जोरात लावला की परत लागतो. गॅरेजवाला म्हणतो, 'कशो वांधो नथी बेन (काही हरकत नाही ताई), दिवाच काढून टाकतो.' दुसऱ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर न लावताच सांगितलं की मॉड्यूल गेलं, 38 हजार लागतील. 2024 च्या पुरात गाडीत चटई भिजेपर्यंत पाणी आलं होतं, हेही सांगून ठेवते. दिवाळीत पुण्याला गाडीने जायचंय. काय करू?"

ताई, दिवा काढू देऊ नका आणि 38 हजारही भरू नका. दोघांनीही गाडीला काय झालंय हे न पाहताच इलाज सांगितलाय. या गाडीचा दोष शोधायला लागणारी सगळ्यात मोठी खूण तुमच्याच पत्रात आहे. दरवाजा जोरात लावला की दिवा लागतो, हे वाक्य पुढच्या मेकॅनिकला जसंच्या तसं सांगा. मॉड्यूल, म्हणजे सगळ्या एअरबॅग सांभाळणारा छोटा संगणक, जळलं असेल तर त्याला दरवाज्याच्या आपटण्याशी काही देणंघेणं नसतं. हादरा बसला की तुटणारा आणि मग परत जुळणारा सांधा म्हणजे बहुतेक वेळा ढिला कपलर, म्हणजे दोन वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, किंवा आतून तुटलेली वायर. हे काम हजारांचं नसून तासा-दोन तासांचं असण्याची शक्यता जास्त आहे.

आधी त्या दिव्याविषयी. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा पाच-सहा सेकंद लागतो आणि आपोआप विझतो. तेवढ्या वेळात मॉड्यूल सगळी सर्किटं तपासून घेतं. प्रत्येक एअरबॅगमध्ये आणि सीटबेल्ट खेचून घट्ट करणाऱ्या प्रीटेन्शनरमध्ये एक छोटा पेटवणारा घटक असतो आणि त्याचा प्रतिकार साधारण 2 ते 3 ओम असतो. मॉड्यूल त्यातून अगदी बारीक प्रवाह सोडून हा प्रतिकार मोजत राहतं. मोजमाप बिघडलं किंवा एखाद्या सेन्सरशी बोलणं तुटलं की दिवा लागतो आणि बिघाड कुठे आहे ते सांगणारा कोड मॉड्यूलमध्ये साठतो. दिवा लागलेला असताना काही गाड्यांत फक्त बिघडलेली शाखा बंद पडते, तर काहींत सगळ्या एअरबॅग निकामी होतात. त्यामुळे दिवा लागलेला आहे तोवर एकही एअरबॅग उघडणार नाही असंच धरून गाडी चालवा.

ब्रेक आणि स्टिअरिंगला यातून काही होत नाही. धक्का बसल्यावर बेल्टचं अडकणं यांत्रिक असतं, ते चालू राहतं. फक्त बेल्ट आणखी खेचून घेणारा प्रीटेन्शनर कदाचित काम करणार नाही. शाळा-दवाखान्यापुरती गाडी बेल्ट लावून, बेताच्या वेगात चालवायला हरकत नाही. सासूबाई पुढे डावीकडे बसत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत त्यांना मागे बसवा आणि मागचाही बेल्ट लावायला लावा. मागे बसलं की बेल्ट नको ही सवय आपल्याकडे फार घट्ट आहे, तिथे ऐकून घेऊ नका.

आता दरवाज्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. दरवाजा म्हणजे पत्रा, काच आणि लॉक एवढंच, असं डेंटिंगवाले धरून चालतात. पण सहा एअरबॅगच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या दोन्ही दरवाज्यांच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो. बाजूने धडक बसून बाहेरचा पत्रा आत दबला की पोकळीतली हवा एकदम दाबली जाते आणि तो सेन्सर ताबडतोब मॉड्यूलला कळवतो. समोरच्या धडकेत इंजिन आणि बॉनेटची जागा चेपायला थोडा वेळ देते. बाजूला तुमच्या खांद्यात आणि बाहेरच्या पत्र्यात वीतभर अंतर. म्हणून बाजूच्या एअरबॅगचा निर्णय 5 ते 10 मिलिसेकंदांत व्हावा लागतो. पापणी लवायलाच 100 मिलिसेकंदांहून जास्त लागतात. काही गाड्यांत हा सेन्सर दरवाज्यात नसतो, दोन दरवाज्यांमधल्या खांबात, बी-पिलरच्या तळाशी असतो. तुमच्या गाडीत कुठे आहे ते कंपनीच्या वर्कशॉपमधला माणूस चासी नंबरवरून दोन मिनिटांत सांगेल. माझा अंदाज दरवाज्याचाच आहे, कारण दरवाजा बदलल्यावर दिवा लागला आणि दरवाजा हलला की लागतो.

सेन्सर पोकळीतला दाब मोजतो म्हणजे ती पोकळी जशी कारखान्यातून आली तशीच राहायला हवी. दरवाज्याचं आतलं पॅड काढलं की मागे प्लास्टिकची किंवा फोमची एक शीट दिसते, कडेने काळ्या चिकट डांबरासारख्या पट्टीने चिकटवलेली. दरवाज्याचं काम झालेल्या गाड्यांत मला ही शीट कितीदा तरी एका कोपऱ्यातून लोंबताना दिसली आहे, वरच्या कडेला घाईत फाडलेली, त्यावर बोटांच्या काळ्या ठशांची माळ. डेंटर ती धुळीसाठी आहे समजतात आणि पॅड बसवताना खालचा भाग सोडून देतात. शीट नीट चिकटली नाही तर पोकळीतली हवा धडकेच्या वेळी भोकांतून निसटते आणि सेन्सरला दाब वाढलेला उशिरा कळतो. यासाठी दिवा लागत नाही. सेन्सर जोडलेला आहे, वायर शाबूत आहे, मॉड्यूल समाधानी आहे, पण खऱ्या धडकेत निर्णय चुकू शकतो. म्हणून दिवा विझल्यावरही ही शीट तुमच्या डोळ्यांसमोर चिकटलेली पाहा. स्पीकर बसवला नसेल, त्याच्या जागी भोक उघडं असेल, तर तेही बंद झालं पाहिजे. याच फटीतून पावसाचं पाणीही आत येतं आणि पुढच्या सीटखालची चटई ओली होते, त्याचा परिणाम खाली सांगतो.

दरवाज्यातून मॉड्यूलकडे जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून, म्हणजे बूटमधून, गाडीच्या अंगात शिरतात. दरवाजा पूर्ण उघडा आणि बिजागऱ्यांच्या मध्ये बोट घालून तो काळा बूट पाहा. दोन्ही टोकं आपल्या खोबणीत पक्की बसलेली आहेत का, एखादं टोक निसटून वायरी उघड्या पडल्यात का, हे तुम्हाला हात न लावता दिसेल. दरवाजा दिवसातून कितीदा उघडतो-मिटतो, प्रत्येक वेळी या वायरी तिथेच वाकतात. जुन्या बाजारातला दरवाजा काढताना घाईत वायरी ताणल्या गेल्या असतील तर आतलं तांबं तुटून वरचं आवरण शाबूत राहू शकतं. अशी वायर बाहेरून चांगली दिसते आणि दरवाजा आपटला की संपर्क सोडते. अनेक गाड्यांत बूटच्या टोकाला कपलर असतो, तोही पूर्ण टकटक आवाज येईपर्यंत दाबून कुलूप झालेला हवा. अर्धवट बसलेला कपलर हाच माझा पहिला संशय.

दुसरा संशय त्या जुन्या दरवाज्यावर. त्याच मॉडेलचा दरवाजा म्हणजे त्याच प्रकाराचा नव्हे. दोन एअरबॅगच्या खालच्या व्हेरियंटच्या दरवाज्यात बऱ्याचदा सेन्सरच नसतो आणि तो बसवायची जागा किंवा वायरिंगही वेगळं असू शकतं. गॅरेजवाल्याला दोन प्रश्न विचारा. जुन्या, चेपलेल्या दरवाज्यातला सेन्सर या नव्या दरवाज्यात आणला का? आणि आणला नसेल तर नव्या दरवाज्यात होता तो कोणत्या भाग क्रमांकाचा? उत्तर गोलमोल आलं तर पॅड उघडून पाहायला सांगा. जुना सेन्सर त्या रिक्षाच्या धडकेत आपटलेला असेल तर तो परत वापरायचा नाही, नवा घ्यायचा. बसवताना तो ज्या दिशेने आणि ज्या स्क्रूने कंपनीने बसवला होता तसाच बसायला हवा. त्याच्याजवळ पुट्टी, फोम किंवा जाड आवाजरोधक पट्ट्या लावलेल्या नकोत.

पुराचं सांगितलंत ते फार बरं केलंत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी समा, अकोटा, मुजमहुडा भागांत घराघरात शिरलं होतं. त्या वेळी चटई भिजलेल्या गाड्यांचं विजेचं दुखणं कधी कधी वर्ष-दीड वर्षाने डोकं वर काढतं. पुढच्या सीटखाली बाजूच्या एअरबॅगचे आणि बेल्टच्या बकलचे कपलर असतात. त्यांत पाणी गेलं की पिनांवर हिरवट पूड जमते आणि प्रतिकार वाढतो. 2 ओमच्या सर्किटमध्ये एखाद-दोन ओमची भरही मॉड्यूलला खटकते. बऱ्याच गाड्यांत मॉड्यूल स्वतःच गिअरच्या मागच्या भागात, फरशीवर असतं. पाणी तिथपर्यंत आलं असेल तर त्याचं नुकसान खरोखर होऊ शकतं, हे मान्य करायला हवं. शिवाय दरवाजा बदलताना कामासाठी सीट पुढे-मागे सरकवली जाते, कधी काढलीही जाते, तेव्हाही कपलर निघतो. म्हणून मेकॅनिकला दरवाजा तपासायला सांगालच, त्याच वेळी डाव्या सीटखालचे पिवळे कपलरही पाहायला सांगा. एअरबॅगच्या वायरी आणि कपलर ओळखायला सोपे, पिवळे असतात. तुम्ही स्वतः ते ओढू नका, सीटखाली टॉर्च मारून नुसतं पाहा. तिथे दप्तरं, छत्र्या कोंबू नका, त्यांनीही कपलर हलतो.

हे सगळे माझे अंदाज झाले. पक्कं सांगतो तो कोड, म्हणून पहिलं पैसे मोजण्यासारखं काम म्हणजे स्कॅनिंग. त्यात एक अडचण येते. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचे, इंग्रजी पी अक्षराने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड बी ने आणि मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचे कोड यू ने सुरू होतात. ते वाचणारं यंत्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतंच, मकरपुरा किंवा गोरव्याच्या बाजूच्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेही असतं. स्कॅन करण्याआधी कोड पुसू नका असं बजावून सांगा, कारण पुसले की माहिती गेली. कोडचा प्रिंट घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. प्रत्येक कोडसमोर तो आत्ता हजर आहे की जुना आहे हेही लिहून घ्या.

कोडचं वर्णन वाचायला अवघड नाही. डाव्या बाजूच्या सेन्सरशी संपर्क नाही, असं आलं तर सेन्सर, त्याचा कपलर आणि बूटमधली वायर. एखाद्या एअरबॅगचा प्रतिकार जास्त किंवा सर्किट उघडं असं आलं तर ढिला कपलर, गंजलेली पिन किंवा तुटलेली वायर. प्रतिकार कमी असं आलं तर लोक एअरबॅग बदलायला धावतात, आणि इथेच मला राहवत नाही म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. एअरबॅगच्या कपलरमध्ये एक छोटी धातूची पट्टी असते. कपलर निघाला की ती दोन्ही पिना आपोआप जोडते, म्हणजे स्थिर विजेच्या एखाद्या ठिणगीने एअरबॅग फुटू नये. कपलर पूर्ण बसला की प्लास्टिकची जीभ ती पट्टी बाजूला सारते. कपलर अर्धवट बसला तर पट्टी पिनांना चिकटूनच राहते आणि मॉड्यूलला शॉर्ट दिसतो. म्हणजे शॉर्टचा कोड असूनही खराब काहीच नाही, कपलर अर्धा सेंटिमीटर आत दाबायचा राहिलाय. जमिनीशी, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी, शॉर्ट असा कोड असेल तर पॅडच्या स्क्रूखाली वायर चिमटली आहे का ते पाहायचं. सेन्सरची ओळख जुळत नाही असा आला तर चुकीच्या व्हेरियंटचा भाग लागलाय.

काम करवून घेताना मेकॅनिकने चावी ऑफ करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढली पाहिजे आणि मग थांबलं पाहिजे. मॉड्यूलमधल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी नसतानाही एअरबॅग उडवण्याइतकी वीज थोडा वेळ शिल्लक असते. गाडीच्या पुस्तिकेत हा वेळ दिलेला असतो, साधारण 1 ते 3 मिनिटं, काहींत अधिक. मी 10 मिनिटं थांबायला सांगतो, चहा होतो तेवढ्यात. एअरबॅगच्या दोन पिनांना साधं मल्टिमीटर लावून ओम मोजायला कुणी निघालं तर थांबवा, मीटरच्या प्रवाहाने ती उडू शकते. जाणकार माणूस एअरबॅगच्या जागी ठरावीक प्रतिकाराचं चाचणीचं साधन लावून तपासतो. तुटलेली वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं एअरबॅगच्या वायरिंगला चालत नाही. वायरिंगचा तो तुकडा बदलणं किंवा कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच जोडणं, एवढेच दोन मार्ग आहेत. पत्र्याचं वेल्डिंग बॅटरी जोडलेली ठेवून केलं होतं का, हेही विचारून घ्या, कारण त्याने मॉड्यूलला इजा होऊ शकते.

मॉड्यूल कधी बदलायचं? कोडमध्ये मॉड्यूलचा अंतर्गत दोष आला तर. किंवा एअरबॅग उघडली होती आणि आत धडकेची नोंद कायमची साठली तर. किंवा मॉड्यूल पाण्यात बुडाल्याच्या खुणा उघडून दिसल्या तर. तुमच्या गाडीची एअरबॅग उघडलीच नव्हती. पहिल्या आणि तिसऱ्या कारणांचा पुरावा दाखवा, मग पैशांचं बोलू, असं त्या वर्कशॉपला स्पष्ट सांगा. बदललं तर ते नवं आणि तुमच्या चासी नंबरला कोडिंग करून दिलेलं हवं. जुन्या बाजारातलं मॉड्यूल किंवा जुनी एअरबॅग कधीच घेऊ नका.

दिवा काढून टाकण्याच्या प्रस्तावाबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. तुमची गाडी उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतली तर त्याच्या घरच्यांना काहीच कळणार नाही. असंच आणखी दोन प्रकारे केलं जातं. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर, म्हणजे तेवढाच प्रतिकार देणारा छोटा भाग, टोचून मॉड्यूलला फसवतात, किंवा एअरबॅगच्या दिव्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतात, म्हणजे तो त्याच्याबरोबर लागतो आणि विझतो. गाडी ताब्यात घेताना चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि पाच-सहा सेकंदांनी एकटाच विझला पाहिजे, तेव्हा बॅटरी आणि ऑइलचे दिवे लागलेलेच असले पाहिजेत. अजिबात लागलाच नाही तर दिवा काढलाय. रेझिस्टरची लबाडी या चाचणीत पकडता येत नाही, म्हणून जिथे काम झालं ते ठिकाण उघडं असतानाचे फोटो मागा. मग डावा दरवाजा दहा-बारा वेळा लावून पाहा आणि परत स्कॅन करवून घ्या. कोडची यादी कोरी आली की काम झालं.

पैशांचं राहिलं. दरवाज्यासाठी तुम्ही विम्याचा दावा केला होता की खिशातून दिले, ते पत्रात नाही. दावा केला असेल तर सेन्सरचा खर्च त्याच अपघातातला आहे. काही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि सर्वेयरकडून पुरवणी अंदाज मंजूर करून घ्या, आधी दुरुस्ती करून मग बिल दिलं तर वाद होतो. खिशातून दिले असतील तर कोडच्या प्रिंटसह गॅरेजवाल्याकडे जा. त्याने बसवलेल्या दरवाज्यामुळे दिवा लागला असेल तर तो दुरुस्त करणं त्याचं काम आहे. ओळखीचा माणूस आहे, बहुधा ऐकेल. नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण त्यासाठी दरवाज्याचं बिल हवं. ते घेतलं नसेल तर आजच मागून घ्या, त्यावर दरवाजा जुना बसवल्याचं लिहवून घ्या.

पुण्याला दिवाळीत जायचं ते दुरुस्तीनंतरच. महामार्गाच्या वेगात, ट्रकांच्या मधून, तीन पिढ्या गाडीत बसवून लाल दिव्यासकट जाऊ नका. तोवर काम झालं नाही तर रेल्वेचं तिकीट काढा. स्कॅनिंगसाठी मात्र या आठवड्यातच वेळ घ्या. दिवाळी जवळ आली की वर्कशॉपमध्ये गर्दी होते आणि अशी बारीक शोधाशोध घाईत नीट होत नाही. कोडचा फोटो आणि दरवाज्याच्या आतला फोटो मला पाठवलात तर पुढचं सांगता येईल.